शाळेच्या स्लॅबवरून प्रश्नमंजूषा

भोरमध्ये सायबर कॅफे नवे होते तेव्हा मी पुण्याच्या एका दैनिकाचा तालुका वार्ताहर होतो. त्याआधी काही वर्षे त्याच दैनिकाच्या पुण्यातल्या कार्यालयात उपसंपादक होतो. दुसऱ्याने लिहिलेले तपासणे, कापणे आणि त्याला मथळा देणे हे माझे काम होते. तालुक्यात आल्यावर लिहिणारा मी झालो आणि कापणारे पुण्यात राहिले. हा बदल मला मानवला नाही. शेवटचा शब्द आपला असेल असे काहीतरी हाताशी हवे होते. त्यातून इंटरनेटवरची सांघिक सामान्यज्ञान स्पर्धा निघाली.

रीत सोपी होती. रविवारी सकाळी, वीज नक्की असण्याच्या वेळात, सगळे संघ आपापल्या गावच्या संगणकावरून एका मोफत चॅटरूममध्ये येत. मी भोरच्या कॅफेतून प्रश्न टाइप करी. ज्या संघाची पाळी असेल त्याने अर्ध्या मिनिटात उत्तर टाइप करायचे. संघ चार जणांचा, पाचवा राखीव. पुस्तक बघायचे नाही. नेटवर शोधण्याची भीती नव्हती, कारण डायल-अपवर पान उघडेपर्यंत पुढचा प्रश्न येऊन गेलेला असे. भोरच्या कॉलेजातल्या मुलांचा एक संघ होता, भोंगवलीचा एक, आणि किकवीचा एक, जो हायवेलगतच्या फोटो स्टुडिओतून खेळे.

कॅफे ज्यांच्या भावाचा होता त्या बाई तिथे संगणकाचे वर्ग घेत. भोरच्याच एका मुस्लिम घरातल्या, वयाने माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी लहान. चॅटरूम कशी उघडायची, संघांना आत कसे घ्यायचे, लाइन तुटली तर काय करायचे, हे सगळे त्यांनी बसवून दिले. मी त्यांना मॅडम म्हणे, त्या मला सर. घड्याळ त्यांच्याकडे, प्रश्न माझ्याकडे, अशी वाटणी होती. पहिले काही महिने ती कोणालाही खटकली नाही. मला तर ती आदर्श वाटत होती.

विंझरचा संघ नंतर आला. तिथे संगणक नव्हता, पण मोबाईल आले होते आणि रेंज फक्त शाळेच्या स्लॅबवर मिळे. त्यांनी मार्ग काढला. त्यांच्यातला एक जण भोरच्या किराणा दुकानात कामाला होता. तो कॅफेत बसून प्रश्न मोबाईलवर वाचून दाखवी. विंझरमध्ये एक टेम्पोवाला स्लॅबवर उभा राहून तो ऐके. उरलेले दोघे, डी.एड. करणारी एक मुलगी आणि पिठाच्या गिरणीचा मालक, खाली सावलीत बसत. टेम्पोवाला प्रश्न वरून ओरडे, खालचे दोघे उत्तर ओरडत, ते मोबाईलवरून भोरला येई आणि टाइप होई. एवढ्या उपद्व्यापासाठी त्यांना थोडा जादा वेळ द्यावा असे मॅडमनी सुचवले. मी दिला.

एका रविवारी वरंध घाटात ट्रक उलटला आणि मला पहाटेच निघावे लागले. वाटेतल्या बूथवरून मी कॅफेत फोन केला.

"आजची स्पर्धा रद्द करा, मॅडम. प्रश्न माझ्या खिशात आहेत."

"सगळे येऊन बसलेत, सर. विंझरचा माणूस तर स्लॅबवर चढलापण. घेते मी, काढते काहीतरी."

"काहीतरी म्हणजे?"

तेवढ्यात बूथवाल्याने मागच्या माणसाकडे बोट दाखवले आणि मला फोन ठेवावा लागला.

संध्याकाळी परत आलो तेव्हा चॅटरूममधला सगळा मजकूर त्यांनी माझ्यासाठी जपून ठेवला होता. त्यांचा एक प्रश्न असा होता: सहाशे वर्षांपूर्वी आपल्या भागातल्या बाजाराला गेलात तर वांगे, मिरची, हरभरा, बटाटा, टोमॅटो आणि तीळ यांतले काय मिळणार नाही? उत्तर तीन शब्दांचे होते: मिरची, बटाटा, टोमॅटो. त्याखाली संघांचे शेरे स्क्रीनभर पसरलेले होते. किकवीने लिहिले होते, "मिरची नव्हती तर भाकरी कशासंगं खात होते?" भोंगवलीने लिहिले होते, "म्हणून त्या काळी भांडणं कमी होती." माझ्या प्रश्नांखाली तोवर उत्तरांशिवाय कोणी काही लिहिलेले नव्हते. मी ते सगळे वाचले आणि म्हणालो, "ठीक आहे. पण हे सामान्यज्ञानात बसतं का, बघावं लागेल."

"बसत नसेल तर पुढच्या वेळी नाही विचारणार, सर."

पुढच्या वेळी? मी घरी जाऊन संदर्भ तपासला. प्रश्न बरोबर होता.

त्यानंतर संघच मागणी करू लागले. प्रश्न टाकायला मी बसलो की आधी कोणीतरी लिही, "आज बाई आहेत का?" मग निम्मे प्रश्न त्यांनी काढावेत असे ठरले. ते मीच ठरवले, कारण न ठरवता झाले असते तर जास्त वाईट दिसले असते. त्यांचा प्रत्येक प्रश्न मी आधी तपासायला घेई. राजगडावर पडलेला पाऊस शेवटी कोणत्या समुद्राला मिळतो, असा एक होता. घाट उतरला की कोकण, तेव्हा अरबी समुद्र, असे कोणीही म्हणेल. मीही म्हणालो असतो. नकाशा काढून मी गुंजवणीवर बोट ठेवले आणि नीरा, भीमा, कृष्णा करत पलीकडे बंगालच्या उपसागरापर्यंत गेलो. त्यांचे उत्तर तेच होते. त्या रात्री मला चूक सापडली असती तर झोप चांगली लागली असती.

विंझर पुढे सरकत होते. त्यांचा भोरचा माणूस दुकानातून सुटायला उशीर करी, तेव्हा मॅडम स्वतः मोबाईल घेऊन प्रश्न वाचत आणि उत्तरही टाइप करत. असे दोनदा झाले. मी एक नियम लिहून चॅटरूममध्ये टाकला: जो कोणी एखाद्या संघाला उत्तर देण्यात मदत करील तो त्या संघाचा सदस्य समजला जाईल आणि यापुढे आयोजक राहणार नाही. कोणाचे नाव घातले नव्हते. मॅडमनी तो वाचला, "बरं, सर," म्हणाल्या आणि पुन्हा विंझरच्या कीबोर्डला हात लावला नाही. उत्तरे दुकानातला माणूस टाइप करू लागला. प्रश्न मात्र त्याच वाचून दाखवत राहिल्या, कारण विंझरवाल्यांना त्यांचा आवाज स्पष्ट ऐकू येई. वाचणे म्हणजे मदत नव्हे. नियमात पळवाट ठेवणारा मीच होतो.

अंतिम फेरीला किकवी आणि विंझर उरले. आदल्या आठवड्यात किकवीच्या संघातला एक जण, स्टुडिओवाला, मोटारसायकलवरून भोरला आला आणि कॅफेच्या दारातच उभा राहिला.

"सर, आमी चौघं हाय. त्ये अख्खं गाव हाय. टेम्पोवाला वरनं बोंबलतो, खाली शंभर माणसं ऐकत्यात. हे कसलं सामान्यज्ञान? ही तर ग्रामसभा झाली."

मॅडम हसल्या. "उत्तर संघातले दोघंच देतात ना? बाकीच्यांनी ऐकू नये म्हणून काय, गावाच्या कानात बोळे घालायचे?"

"तुमी त्यांच्या बाजूनंच बोलनार."

मी म्हणालो की अंतिम फेरीच्या दिवशी मी स्वतः विंझरला थांबेन आणि डोळ्यांनी बघेन. स्टुडिओवाला समाधानाने गेला. मॅडमनी एवढेच विचारले, "मग इकडचं सगळं मी एकटीनं घ्यायचं?" मी हो म्हणालो. गाव उत्तरे पुरवते हे सिद्ध झाले असते तर विंझर बाद झाले असते, ढिलाई कोणाची हे उघड झाले असते आणि स्पर्धा पुन्हा माझ्या हाती आली असती. माझा हिशेब एवढाच होता. माझे प्रश्न मी पाकिटात घालून त्यांच्याकडे दिले आणि रविवारी सकाळी चेलाडी फाट्यावरून आत वळलो.

भात झोडून झाले होते. शाळेसमोर माणसे आधीच जमली होती. काही बायका सूप घेऊन तांदूळ निवडायलाच तिथे येऊन बसल्या होत्या. टेम्पोवाला स्लॅबवर होता, एका कानाला मोबाईल, दुसऱ्या कानावर तळहात. मला कोणीतरी खुर्ची आणून दिली.

"पेपरवाले हायत, स्पर्धा बघाया आल्यात," गिरणीवाल्याने ओळख करून दिली.

"स्पर्धा यांचीच हाय न्हवं?" एका म्हाताऱ्याने विचारले.

"न्हाई, ती बाईंची. हे पेपरमधी लिवत्यात."

मी दुरुस्ती केली नाही. तपासणीला आलेल्या माणसाने बोलायचे नसते. घड्याळ मांडीवर ठेवून बसलो.

फेरी सुरू झाली. किकवीचे प्रश्न आम्हाला ऐकू येत नव्हते. फक्त टेम्पोवाला मधूनमधून "बरूबर आलं त्येंचं" किंवा "गेलं, गेलं!" असे सांगे. विंझरची पाळी आली की तो कठड्याशी येई. मॅडमचा एक प्रश्न असा आला:

"माणसाच्या अंगात सगळ्यात बारकं हाड कुठं असतंय?"

जमावात एकदम हालचाल झाली. कोणी करंगळी मोडून पाहिली, कोणी नाक चाचपले. एका बाईने शेजारणीचा पाय ओढून अंगठा दाबला आणि शेजारीण ओरडली, "माझं हाड कशाला तपासतीस, तुझं बघ की!" गिरणीवाला नाक म्हणाला. मुलीने त्याचा हात दाबला आणि मान वर करून ओरडली, "कान! कानाच्या आतलं!" टेम्पोवाल्याने तो शब्द मोबाईलवर सांगितला, थांबला, आणि मग दोन्ही हात वर केले. मोबाईल हातातून सुटता सुटता राहिला.

हाच प्रश्न मी सहा महिन्यांपूर्वी विचारला होता. "'स्टेपीस' या हाडाचे मानवी शरीरातील स्थान सांगा," अशी माझी वाक्यरचना होती. कोणालाही उत्तर आले नव्हते आणि कोणीही कुठल्याही अवयवाला हात लावला नव्हता. माहिती तीच होती. मी तिथे खुर्चीवर बसून माझ्या वाक्यात आणि त्यांच्या वाक्यात नेमका फरक काय ते शोधत होतो, आणि आजूबाजूला माणसे अजून कान ओढून बघत होती.

तपासणीचे म्हणाल, तर गाव उत्तरे पुरवत नव्हते. गाव चुकीची उत्तरे पुरवत होते. त्या गलक्यातून बरोबर उत्तर निवडणे हे त्या दोघांना उलट जडच जात असावे. किकवीची तक्रार टिकण्यासारखी नव्हती.

गुण बरोबरीत आले. किकवीचा शेवटचा प्रश्न चुकला. विंझरचा शेवटचा राहिला. टेम्पोवाला बराच वेळ ऐकत राहिला, मग कठड्याशी आला.

"नीट ऐका रं! ह्यो सरांचा प्रश्न हाय म्हनत्यात बाई. पूर्वी अप्पर व्होल्टा म्हनत व्हते त्या देशाचं आत्ताचं नाव काय?"

माझे नाव त्यांनी मुद्दाम घेतले असणार. मला त्याचे श्रेय मिळावे म्हणून. त्या तसे करत.

कोणीही काहीही मोडून पाहिले नाही.

"देश हाय का औषध?" कोणीतरी म्हणाले.

"सरांचा हाय व्हय? मग गेलं," म्हातारा म्हणाला आणि टोपी झटकून उठायला लागला. बायकांचे हात पुन्हा सुपाकडे वळले. गिरणीवाल्याने मुलीकडे पाहिले, मुलीने जमिनीकडे. सगळ्या सकाळीत पहिल्यांदा शाळेसमोर शांतता झाली होती, आणि ती माझ्या प्रश्नाने झाली होती. हा प्रश्न मी पाकिटात सर्वांत शेवटी ठेवला होता. मला तो आवडत असे.

"येळ चाल्लाय!" टेम्पोवाला ओरडला.

"बुर्किना फासो," मी म्हणालो.

"काय?"

मी उभा राहिलो. "बुर्किना फासो!"

"पुन्यांदा सांगा, सुटं सुटं करून!"

मी सुटे करून सांगितले. सगळ्यांची तोंडे माझ्याकडे वळली. टेम्पोवाल्याने मोबाईलमध्ये ते नाव तीन तुकड्यांत सांगितले आणि प्रामाणिकपणे पुढे जोडले, "पेपरवाल्या सायबांनी सांगितलं, बाई."

"अरं गप की, येड्या!" गिरणीवाला खालून ओरडला. "सायबांचं नाव कशाला घेतलंस?"

"खरं हाय त्ये सांगितलं!"

मग तो बराच वेळ नुसता "व्हय, व्हय" करत ऐकत राहिला. उठलेला म्हातारा परत बसला. शेवटी टेम्पोवाल्याने मोबाईलवर हात ठेवला आणि मला उद्देशून, पण साऱ्या गावाला ऐकू जाईल असे म्हणाला:

"बाई म्हनत्यात, नियम तुमचाच हाय. ज्यानं मदत केली त्यो त्या संघाचा. आमच्या राखीव गड्याची जागा मोकळीच हाय. तुमी आमच्यात आला असाल तर उत्तर धरत्यात, आमी जितलो. पन मग तुमाला पुन्यांदा आयोजक हुता येनार न्हाई. आनि उत्तर मागं घेतलं तर दोनी संघ बरूबरीत, तुमी हाय तसं आयोजक. काय सांगू? अर्धं मिनिट दिलंय."

नियमाचा अर्थ त्यांनी बरोबर लावला होता. मी असतो तर तसाच लावला असता. मागे घेतले असते तर काही बिघडत नव्हते. बरोबरी झाली असती, पुढच्या रविवारी पुन्हा सामना, आणि मी भोरच्या खुर्चीवर. विंझरच्या लोकांनाही ते समजले असते, कारण पेपरवाल्यांचे काही खरे नसते हे त्यांना माहीत होते. पण स्पर्धा चालवायला लागल्यापासून मी एकाही प्रश्नाला असे वळलेले चेहरे पाहिले नव्हते. मी स्क्रीन पाहिले होते. मॅडमनीही हे चेहरे पाहिलेले नव्हते, तरी दर रविवारी हे सगळे त्यांच्याकडे जात होते. त्या क्षणी ते माझ्याकडे होते.

"बोला की, सायेब," ती मुलगी हळूच म्हणाली.

"आलो तुमच्यात," मी म्हणालो. "सांगा तसं."

टेम्पोवाल्याने सांगितले. मग जो आवाज झाला त्यात मी गिरणीवाल्याच्या मिठीत सापडलो. पाठीवर थापा पडल्या, हातात गूळ आला. एकदोन मिनिटे तसे चालले. मग म्हाताऱ्याने वर पाहून विचारले, "बाई काय म्हनल्या?"

"हसल्या!"

"हसल्या?"

"लई हसल्या. म्हनल्या, आमच्या सरांना नीट जेवू घालून धाडा."

"काय बाई हाय!" म्हातारा म्हणाला. "कसा निकाल दिला बगा! वकिलाला जमायचं न्हाई." आणि सगळे त्यावरच बोलू लागले. निकाल कसा दिला, जागा मोकळी असल्याचे कसे ध्यानात ठेवले, सरांना कसे अलगद धरले. मी गूळ खात ऐकत होतो.

जेवून भोरला पोहोचलो तेव्हा कॅफेत गिऱ्हाईक नव्हते. मॅडम मोडेमची वायर गुंडाळत होत्या.

"किकवीवाले चिडले का?" मी विचारले.

"थोडे. मग म्हणाले, सरच गेलेत तर काय बोलणार." त्यांनी वायर ठेवली. "मला वाटलं, तुम्ही मागे घ्याल."

"का?"

"तुम्हाला स्पर्धा सोडवणार नाही असं वाटलं."

"मी सोडली नाही. नियमानं गेली."

त्यांनी मोडेमवर कापड टाकले. मग म्हणाल्या, "नियम बदलता येईल, सर. सगळ्या संघांना विचारते. कोणी नाही म्हणणार नाही."

त्या विचारणार होत्या आणि कोणी नाही म्हणणार नव्हते, हे दोन्ही खरे होते. त्यांच्या शब्दाखातर मला माझी जागा परत मिळाली असती. मी नको म्हणालो.

पुढची स्पर्धा त्यांनी एकटीने चालवली. संघ वाढले. वेल्ह्याकडच्या आणखी दोन गावांनी आपापली रेंजची ठिकाणे शोधून काढली, त्यातले एक पाण्याच्या टाकीवर होते. मी रविवारी विंझरला जाई आणि शाळेखाली बसे. देशांच्या राजधान्या आणि जुनी नावे माझ्याकडे असत. ती क्वचितच विचारली जात. मॅडमचा प्रश्न वरून ओरडला गेला की उत्तर शोधण्याआधी मी तो मनात माझ्या शब्दांत मांडून बघे. माझा दर वेळी जास्त अचूक असे.

वर्षभराने आमच्या दैनिकाच्या तालुका पानासाठी मी या स्पर्धेची बातमी केली. गावोगावच्या स्लॅबवरून आणि टाक्यांवरून चालणारी प्रश्नमंजूषा, असा विषय होता. प्रथमपुरुष कुठेही नव्हता. सुरुवात कोणी केली याचे एक वाक्य होते, नियमांचा परिच्छेद होता, विंझरचा सविस्तर होता, आणि आयोजिकेबद्दल जागेअभावी तीन ओळी होत्या. दुपारी पुण्याहून फोन आला. मी जिथे बसत असे त्या खुर्चीवरचा नवा उपसंपादक होता.

"बातमी छान आहे. सुरुवात कोणी केली ते वाक्य काढलं, त्यानं अडखळायला होतं. पण त्या बाईंवर फार कमी आहे हो. त्या प्रश्न कसे काढतात, लोकांना का आवडतात? जागा आहे, द्या अजून."

मी सांगितले की देतो. मग बसलो आणि मिरचीच्या प्रश्नापासून हाडाच्या प्रश्नापर्यंत सगळे लिहिले, एकही विशेषण न वापरता, आणि फॅक्सने पाठवले. दुसऱ्या दिवशी पान पाहिले. एक शब्दही कापलेला नव्हता.